टॅरो वाचन

टॅरो वाचन म्हणजे ७८ सचित्र पत्त्यांच्या संचातून काही पाने काढून, ती ठरावीक जागी मांडून, त्यांवरील चित्रांचा विचारलेल्या प्रश्नाशी संबंध जोडत अर्थ लावण्याची पद्धत होय. टॅरोचा संच पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाला. भविष्यकथनासाठी त्याचा पद्धतशीर वापर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये सुरू झाला. भारतात ही पद्धत मुख्यतः १९९० नंतर शहरी भागांत पसरली. आज मराठी वृत्तपत्रांत राशिभविष्याच्या शेजारी टॅरोचे सदर आढळते आणि नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत टॅरो शिकवणारे वर्गही चालतात. टॅरोने भविष्य कळते या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही. तरीही चित्रभाषा, पत्त्यांचा इतिहास आणि अर्थ लावण्याची एक रीत म्हणून हा विषय अभ्यासण्याजोगा आहे. ज्याला दुसऱ्याकडून पत्ते वाचून घ्यायचे आहेत, त्याला तर वाचन कसे घडते हे माहीत असणे अधिकच आवश्यक ठरते.

संचाची रचना

मेंढीकोट खेळणाऱ्या कोणालाही टॅरोचा संच समजण्यास फारसा वेळ लागत नाही. नेहमीच्या कॅटमध्ये चार रंगांची प्रत्येकी १३ अशी ५२ पाने असतात. टॅरोमध्ये चार रंगांची प्रत्येकी १४ अशी ५६ पाने असून त्यांखेरीज २२ स्वतंत्र पाने असतात. या २२ पानांना मेजर आर्काना आणि ५६ पानांना मायनर आर्काना म्हणतात. ‘आर्काना’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘गुपिते’ असा आहे. मात्र हे नाव खेळाडूंनी दिलेले नसून एकोणिसाव्या शतकातील गूढविद्येच्या लेखकांनी रूढ केलेले आहे. खेळात ही २२ पाने म्हणजे केवळ कायमचा हुकूम होती. मेंढीकोटमध्ये एखादा रंग हुकूम ठरतो, तर टॅरोत हुकमाची पाने मुळातच वेगळी छापलेली असतात, एवढाच भेद.

मायनर आर्कानाचे चार रंग प्याले, तलवारी, नाणी आणि दंड हे आहेत. बदाम, इस्पिक, चौकट आणि किलवर हे फ्रेंच पद्धतीचे रंग त्यांच्याशी अनुक्रमे जुळवले जातात. प्रत्येक रंगात एक्का ते दश्शी अशी दहा पाने आणि राजा, राणी, घोडेस्वार व सेवक अशी चार दरबारी पाने असतात. नेहमीच्या कॅटमध्ये नसलेले पान घोडेस्वाराचे होय; गुलाम हा टॅरोतील सेवकाचा समकक्ष मानता येतो.

मेजर आर्कानातील पानांना ० ते २१ असे क्रमांक असतात. शून्य क्रमांकाचे ‘द फूल’ हे पान म्हणजे गाठोडे खांद्यावर टाकून कड्याच्या टोकाशी निघालेला भोळा भटक्या. पुढे जादूगार, सम्राज्ञी, सम्राट, प्रेमी, रथ, एकांतवासी, दैवाचे चक्र, न्याय, उलटा टांगलेला मनुष्य, मृत्यू, सैतान, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य अशी चित्रे येऊन अखेरचे पान ‘जग’ हे असते. मराठी वाचक व्यवहारात बहुधा इंग्रजी नावेच वापरतात.

खेळापासून भविष्यकथनापर्यंत

पत्ते युरोपात चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३७० च्या दशकात, इस्लामी जगातून पोहोचले. इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्याच्या संग्रहात ममलूक काळातील पत्ते असून त्यांवर प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या हेच चार रंग आहेत. युरोपीय कारागिरांना पोलो अपरिचित असल्याने त्या काठ्यांचे साधे दंड झाले. सुमारे १४४० पासून इटलीतील दरबारी नोंदींत ‘विजयाची पाने’ अशा अर्थाच्या नावाने चित्रांकित हुकमांचा उल्लेख सापडतो. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी रंगवलेली सोनेरी पाने आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आणि बेर्गामो येथे जतन केलेली आहेत. त्यांतील सैतान आणि मनोरा ही दोन पाने मिळत नाहीत. गूढवादी लेखकांनी त्यावरही तर्क लढवले, परंतु त्याच संचातील तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा घोडेस्वार हीही पाने हरवलेली आहेत. फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या काही भागांत टॅरोचा खेळ आजही खेळला जातो.

साडेतीनशे वर्षे खेळात वापरल्या गेलेल्या या पानांना प्राचीन इजिप्तचा वारसा चिकटला तो १७८१ मध्ये. आंत्वान कूर द जेबलाँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बृहद्‌ग्रंथाच्या आठव्या खंडात टॅरो हे इजिप्शियन पुरोहितांचे ज्ञान असल्याचे प्रतिपादन केले. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यों याने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि त्यानंतर मिळालेल्या साहित्यात टॅरोचा मागमूसही आढळला नाही. तोपर्यंत मात्र कल्पना रुजली होती. ‘एतेला’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या झां-बाप्तिस्त आलिएत याने १७८५ मध्ये पत्ते वाचण्याचे पुस्तक आणि पुढे भविष्यकथनासाठीच रचलेला संच प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्ही याने २२ पानांची सांगड हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांशी घातली. लंडनमध्ये १८८८ मध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाने त्यात ग्रह, राशी आणि तत्त्वे यांची भर घातली. प्याल्यांना आप, दंडांना तेज, तलवारींना वायू आणि नाण्यांना पृथ्वी ही आज सर्वत्र शिकवली जाणारी जोडणी या मंडळाकडून आलेली आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणून असलेला इतिहास साधार मांडला आणि इजिप्तची कथा विद्वत्‌वर्तुळात तरी निकालात निघाली. पुस्तकांच्या दुकानात ती अजूनही विकली जाते.

रायडर-वेट-स्मिथ संच

नवशिक्याच्या हाती बहुधा जो संच येतो तो लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने डिसेंबर १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची संकल्पना आर्थर एडवर्ड वेट (१८५७–१९४२) यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ (१८७८–१९५१) यांची. बराच काळ हा संच केवळ ‘रायडर-वेट’ या नावाने ओळखला गेला. चित्रकर्तीचे नाव गाळले गेले, हा अन्यायच म्हणावा लागेल, कारण या संचाचे वैशिष्ट्य नेमके चित्रांत आहे. जुन्या बहुतेक संचांत तलवारींच्या तिर्रीवर फक्त तीन तलवारी असत, जसे आपल्या कॅटमध्ये इस्पिकच्या तिर्रीवर तीन इस्पिके असतात. स्मिथ यांनी ५६ पानांनाही पूर्ण दृश्ये दिली. तलवारींच्या तिर्रीवर तीन तलवारींनी भेदलेले हृदय आणि मागे पाऊस आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का या इटालियन संचात असे चित्र पूर्वी आले होते आणि त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली गेली होती. एवढ्या कामाचा मोबदला अगदीच तुटपुंजा मिळाल्याचे स्मिथ यांनी एका पत्रात कळवले होते.

वेट यांनी जुन्या क्रमातील ‘न्याय’ व ‘बल’ या पानांची अदलाबदल केली. त्यामुळे या संचात ‘बल’ आठवे, तर ‘न्याय’ अकरावे पान आहे. फ्रेंच मार्सेय पद्धतीच्या संचात हे उलट असते. दोन पुस्तके एकत्र वाचणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. भारतीय कायद्यानुसार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने १९०९ ची मूळ चित्रे भारतात सर्वांसाठी खुली झालेली आहेत. अभ्यासासाठी महागडा संच घेण्याची गरज नाही.

वाचनाची पद्धत

वाचनाचा आरंभ प्रश्नापासून होतो. ‘माझे लग्न कधी होईल’ या प्रश्नाला टॅरो सोयीचा नाही, कारण पानांवर तारखा नसतात. ‘या स्थळाबाबत मी का अडखळतो आहे’ हा प्रश्न चित्रांना अधिक मानवतो. पाने पिसणे, कापणे आणि डाव्या हाताने उचलणे यांविषयी प्रत्येक शिक्षकाचे नियम वेगळे आहेत. त्यांपैकी कोणताही नियम प्राचीन नाही. संच रेशमी कापडात गुंडाळावा, तो भेट म्हणूनच मिळालेला असावा, अशा समजुतीही प्रचलित आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष केल्याने काही बिघडत नाही.

त्यानंतर मांडणी ठरते. दहा पानांची ‘केल्टिक क्रॉस’ ही मांडणी वेट यांच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली, परंतु नवशिक्यासाठी ती भारी पडते. तीन पानांची मांडणी पुरेशी आहे. जागांना भूत, वर्तमान आणि भविष्य असे अर्थ देण्याची रीत सर्वाधिक आढळते. काही वाचक त्याऐवजी स्थिती, अडचण आणि मार्ग असे अर्थ देतात. जागांचे अर्थ पाने उलगडण्यापूर्वी ठरवणे हा मात्र महत्त्वाचा नियम आहे. पाने दिसल्यावर जागा ठरवली, तर कोणत्याही पानाचे काहीही करता येते.

अर्थ तीन थरांवर लावला जातो. पहिला थर चित्रात प्रत्यक्ष काय दिसते हा. दुसरा थर रंग आणि अंक यांचा: प्याले भावना व नातेसंबंध, तलवारी विचार व संघर्ष, नाणी पैसा, शरीर व काम, आणि दंड उमेद व उद्योग दर्शवतात असे मानले जाते, एक्का आरंभ, तर दश्शी पूर्ती किंवा अतिरेक. तिसरा थर शेजारच्या पानांशी असलेला संबंध. बहुतेक नवशिके ७८ अर्थ पाठ करण्यापासून सुरुवात करतात आणि विसाव्या पानाच्या आसपास थकतात. पुस्तक मिटून आधी पाच मिनिटे चित्र पाहणे आणि दिसलेले वहीत लिहिणे हा मार्ग अधिक फलदायी आहे.

उदाहरणादाखल एक काल्पनिक वाचन घेता येईल. स्पर्धा परीक्षेत एकदा अपयश आलेली नागपूरची एक विद्यार्थिनी दुसरा प्रयत्न करावा की हाती आलेली नोकरी धरावी असे विचारते. जागा ठरल्या आहेत स्थिती, अडचण आणि मार्ग. पहिल्या जागी नाण्यांची अठ्ठी येते: एक तरुण कारागीर बाकावर बसून नाण्यावर ठोके घालतो आहे, घडवलेली नाणी शेजारी टांगलेली आहेत आणि गाव मागे दूर आहे. दुसऱ्या जागी तलवारींची दुर्री येते: डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री छातीवर दोन तलवारी आडव्या धरून बसली आहे, मागे समुद्र आणि चंद्रकोर. तिसऱ्या जागी तलवारींची छक्की: नावाडी एका स्त्रीला आणि मुलाला पैलतीरी नेतो आहे, नावेत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या आहेत.

एक वाचक म्हणेल की कारागिरासारखा अभ्यास नेटाने चालू आहे, अनिर्णयाची पट्टी तेवढी सोडवायची आहे, आणि पैलतीर म्हणजे परीक्षेतील यश. दुसरा वाचक त्याच पानांवरून सांगेल की गावापासून तुटून त्याच त्या नाण्यावर ठोके घालणे पुरे झाले, आता नाव सोडावी, म्हणजेच नोकरी धरावी. पानांनी दोघांपैकी कोणालाही अडवले नाही. दोन्ही वाचने संचाच्या रूढ अर्थांना धरून आहेत. फरक वाचकाच्या कलात आहे. प्रामाणिक वाचक अशा वेळी निकाल न देता विद्यार्थिनीलाच विचारतो की नावेतील तलवारी तिला कशाच्या वाटतात. तिच्या उत्तरातून जे निघते ते तिचेच असते. निकाल देणारा वाचक मात्र स्वतःचे मत पानांच्या नावावर खपवतो, आणि एखाद्याच्या नोकरीचा किंवा शिक्षणाचा प्रश्न असतो तेव्हा ही बाब किरकोळ राहत नाही.

यामुळेच राशीनुसार छापली जाणारी टॅरोची साप्ताहिक सदरे या पद्धतीशी विसंगत ठरतात. तेथे ना प्रश्न असतो, ना प्रश्नकर्ता. एका राशीच्या सर्व वाचकांसाठी एकच पान काढलेले असते.

उलटी आणि भीतिदायक पाने

पान उलटे आले तर त्याचा अर्थ क्षीण, रोखलेला किंवा विरुद्ध धरण्याची प्रथा आहे. अनेक वाचक ती पाळत नाहीत. क्रम धरून ७८ पानांतून तीन पाने ४,५६,४५६ प्रकारे येऊ शकतात; सुलटे-उलटे धरल्यास हा आकडा ३६,५१,६४८ होतो. एवढ्या विविधतेमुळे प्रत्येक मांडणी आपल्यासाठीच आल्यासारखी भासते.

मृत्यूच्या पानावर पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला चिलखतधारी सांगाडा, पायाशी पडलेला राजा आणि दूरवर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य असे चित्र आहे. टॅरोच्या बहुतेक पुस्तकांत त्याचा अर्थ शारीरिक मृत्यू असा न देता एखाद्या पर्वाचा शेवट असा दिलेला असतो. तीन पानांच्या मांडणीत हे पान येण्याची शक्यता २६ मध्ये १ आहे. दहा पानांच्या मांडणीत ती सुमारे १३ टक्के होते. म्हणजे दिवसाला आठ मोठी वाचने करणाऱ्याकडे ते जवळपास रोज निघते. ‘मेजर आर्कानाचे पान आले, म्हणजे प्रश्न दैवाच्या हाती आहे’ हेही विधान वारंवार ऐकू येते. तीन पानांत किमान एक मेजर पान येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असल्याने त्यात विशेष काही नाही.

महाराष्ट्रातील पत्ते आणि प्रश्नपद्धती

महाराष्ट्रात चित्रांकित पत्त्यांची स्वतंत्र परंपरा सावंतवाडीच्या गंजिफा या खेळात आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हुसेनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे हा खेळ दख्खन आणि कोकणात रुजला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची पाने गोल, लाखेचा लेप दिलेली आणि हाताने रंगवलेली असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२, मिळून १२० पाने होतात. मत्स्याचे चिन्ह मासा, परशुरामाचे परशू. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने उतारी करण्याचा संकेत आहे. नऊ ग्रहांच्या रंगांचा १०८ पानांचा नवग्रह गंजिफाही रंगवला जातो. देव आणि ग्रह पानांवर असूनही गंजिफा भविष्यासाठी वाचला जात नाही, तो खेळलाच जातो. पत्त्यांवर कशाचे चित्र आहे यावरून ते भविष्याचे साधन ठरत नाहीत, हे यावरून दिसते. विसाव्या शतकात लोप पावत चाललेल्या या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभे केले.

भविष्य विचारण्याच्या स्थानिक पद्धती पत्त्यांखेरीज आहेत. कोकणात देवाला कौल लावतात. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे येते, टॅरोसारखी चित्रकथा नसते. विदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घट मांडून भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांतील बदलांवरून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ठरावीक जागी ठेवलेल्या वस्तूंचा अर्थ लावणे हे तत्त्व भेंडवळच्या घटमांडणीत आणि टॅरोत सारखेच आहे. टॅरोला सर्वांत जवळची देशी पद्धत म्हणजे पिंजऱ्यातील पोपटाकडून पाकीट उचलवून भविष्य सांगणाऱ्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी पोपट बाळगणे बेकायदेशीर असल्याने ती आता क्वचित दिसते.

चिकित्सा

वाचन ‘तंतोतंत जुळले’ असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एकच स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणालाही लागू पडेल असे मोघम वर्णन स्वतःचे वाटण्याच्या या प्रवृत्तीखेरीज, समोरच्याचे वय, पेहराव, चेहऱ्यावरील बदल आणि त्याने नकळत दिलेली माहिती यांचाही वाचकाला उपयोग होतो. हे दरवेळी जाणूनबुजून होते असे नाही.

महाराष्ट्रात भाकितांची संख्याशास्त्रीय चाचणी झाली ती फलज्योतिषाची. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या कुंडल्या जमवल्या. सहभागी २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून मूल कोणत्या गटातील हे सांगितले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के आले. नाणे उडवूनही ५० टक्के येते. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. टॅरो शिकणाऱ्याला असाच हिशेब लहान प्रमाणावर ठेवता येतो: वाचनाच्या दिवशीच तारीख घालून स्पष्ट विधान लिहायचे, सहा महिन्यांनी पडताळायचे, आणि चुकलेलीही मोजायची.

कायदेशीर बाजू

जादूटोणाविरोधी कायदा या नावाने ओळखला जाणारा महाराष्ट्राचा अधिनियम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर प्रथम अध्यादेशाच्या रूपाने आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. श्याम मानव यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे मुख्यालयही नागपुरातच असून, चमत्काराचा किंवा अतींद्रिय ज्ञानाचा दावा चाचणीत सिद्ध करणाऱ्यास समितीने रोख बक्षिसाचे आव्हान दिलेले आहे.

या कायद्यात टॅरोचा नामोल्लेख नाही. जोशी, नंदीबैलवाले आणि अन्य ज्योतिषी यांनी दिलेला सल्ला त्यातून वगळलेला आहे. केवळ पत्ते मांडून अर्थ सांगणे त्यामुळे गुन्हा ठरत नाही. कथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे किंवा दहशत बसवणे, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून भीती घालणे, साप किंवा कुत्रा चावल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखणे ही कृत्ये मात्र अनुसूचीत आहेत. मृत्यूचे किंवा मनोऱ्याचे पान दाखवून ‘घरावर करणी आहे’ असे सांगून महागडे उतारे किंवा खडे विकणारा याच रेषेकडे सरकत असतो. वाचनाची फी आणि उपायांची विक्री एकाच टेबलावर होत असेल तर तेथून उठणे श्रेयस्कर. रोगनिवारणाच्या जादुई उपायांच्या जाहिरातींवर १९५४ पासून स्वतंत्र केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत. महाराष्ट्राच्या कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद असून, तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा या कामी नेमलेल्या, किमान निरीक्षक दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याकडे करता येते.